साडेआठ ते नऊ : घोटणे

आमच्याकडे स्थळ सांगताना मध्यस्थ हमखास म्हणतो, "पोरगा एकदम निर्व्यसनी आहे जी. फक्त खर्रा खाते." यावर मुलीकडची मंडळी समाधानानं मान हलवतात. माझं लग्न याच वाक्यावर ठरलं. सांगणारा खोटं बोलत नव्हता आणि ऐकणाऱ्यांनाही आपण फसलो असं पुढे कधी वाटलं नाही. गोंदिया जिल्ह्यात व्यसन म्हणजे दारू. खर्रा हा जेवणाचाच शेवटचा भाग धरतात.

बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या कागदावर, घ्यायचा, पाण्याचे दोन थेंब टाकायचे, पन्नीची घडी घालायची आणि लाकडी पाटावर तळहातानं दाबून दहा-पंधरा मिनिटं घासत राहायचं. सगळं एकजीव होऊन ओलसर तांबूस झालं की खर्रा तयार. या घासण्याला घोटणं म्हणतात. मी मास्तर आहे, त्यामुळे सवयीनं सांगतो, हा शब्द वहीत लिहून घ्या.

केशोरीच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवतो. मला राग लवकर येतो आणि लवकर जातो. लवकर जातो याचं मला बरीच वर्षं कौतुक होतं.

शाळेत तंबाखूमुक्तीचं काम कोणाकडे तरी द्यायचं होतं. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा माझ्या तोंडात खर्रा होता, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. असा मी प्रमुख झालो.

पहिलं काम होतं रस्त्यावर पिवळी रेघ मारायचं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही. यार्ड म्हणजे नेमका किती, यावर माझा आणि गणिताच्या सरांचा अर्धा तास वाद झाला. शेवटी शाळा सुटल्यावर आठवी-नववीची मुलं घेतली, टेप धरली आणि मोजलं. पानठेलेवाला सज्जन माणूस. त्यानं त्याच मुलांच्या मदतीनं ठेला उचलला, रेघेच्या पलीकडे तीन पावलांवर ठेवला आणि मला विचारलं, "आता बराबर झालं ना सर?" बरोबर झालं होतं. ठेला कुठे आहे हे ज्या दोन-चार मुलांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी नीट ठाऊक झालं.

प्रमुख झाल्यावर मला ठेल्यावर उभं राहता येईना. मी सुटं सामान आणून घरीच घोटायला लागलो. त्या वर्षी कापणीत माझ्या अंगठ्याला विळा लागला. मुलगा तेव्हा सातवीत होता, एकुलता एक. मला डाव्या हातानं पन्नी घासताना पाहून तो म्हणाला, "बाबा, मी घोटून देऊ काय?" मला भरून आलं. आजकालची पोरं बापाला पाण्याचा गिलास देत नाहीत, असं मी शाळेत नेहमी म्हणत असे. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये हे सांगितलंसुद्धा, फक्त खर्र्याऐवजी पाण्याचा गिलास म्हटलं.

पंधरा दिवसांत अंगठा बरा झाला. काम मात्र मुलाकडेच राहिलं. त्याचा हात चांगला होता. जेवण झालं की तो सपरीत, म्हणजे पडवीत, पाट घेऊन बसायचा आणि आतून मला तो घासण्याचा एकसुरी आवाज ऐकू यायचा. त्या आवाजात पेपर वाचायला मला फार बरं वाटे.

एकदा चुना जास्त पडला. माझी जीभ भाजली. मी उठलो, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ओरडलो, "आंधळा हायस काय बे? देण्याआधी चव पाहत जा!" राग दोन मिनिटांत गेला. चुना त्यानंतर कधी जास्त झाला नाही. आपण काय बोललो तेही मी विसरून गेलो.

मुलगा आठवीत गेला त्या वर्षी आम्हा प्रमुखांचं प्रशिक्षण होतं, गोंदियाला. एक बाई आल्या होत्या, शांत आणि अभ्यासू. त्यांनी सांगितलं, ज्या मुलांचा शाळेनंतरचा वेळ कशात ना कशात गुंतलेला असतो, जी घरच्यांबरोबर बसून जेवतात आणि घरच्या कामात हातभार लावतात, ती सहसा व्यसनाकडे वळत नाहीत. मी हे शब्द वहीत उतरवून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या. मग चहाची सुट्टी झाली. मी इमारतीच्या मागे गेलो. तिथे जिल्ह्यातले बहुतेक प्रमुख भेटले.

घरी आल्यावर मी मुलाला समोर बसवलं. म्हटलं, तुझं वेळापत्रक तूच लिही, म्हणजे पाळशील. दिवसात जे जे करतोस आणि जे करायचं आहे ते सगळं प्रामाणिकपणे लिही. मुलाचं अक्षर देखणं आहे, माझ्यासारखं. त्यानं कार्डशीटवर स्केचपेननं लिहून काढलं. साडेचार ते सहा, व्हॉलीबॉल. सहा ते सात, अभ्यास. सात ते आठ, भजन मंडळात तबला. आठ ते साडेआठ, सगळ्यांनी मिळून जेवण. साडेआठ ते नऊ, घोटणे. रविवारी आई-बाबांसोबत शेत किंवा मामाचं गाव.

साडेआठच्या ओळीनं मी खूश झालो. पाठांतर, स्वाध्याय, उजळणी असले कोरडे शब्द सोडून पोरानं 'घोटणे' लिहिलं होतं. अक्षर घोटणे, पाढे घोटणे, व्याकरण घोटून घेणे. मराठीच्या मास्तराचा मुलगा शोभतो, असं मी बायकोला म्हणालो. ती भात वाढत होती. "हो," म्हणाली. तिनं वेळापत्रक वाचलं नव्हतं.

साडेआठला तो माझ्यासाठी खर्रा घोटतो हे मला माहीत नव्हतं काय? माहीत होतं. पण ते काय वेळापत्रकात लिहिण्यासारखं काम आहे, असं मला वाटलं. खर्रा घोटून झाला की उरलेल्या वेळात तो व्याकरण घोटत असणार, असा मी हिशेब केला.

ते कार्डशीट मी पालकसभेत नेलं. फळ्याला टांगलं आणि अर्धा तास बोललो. त्यातली वीस मिनिटं 'घोटणे' या शब्दावर होती. पालक फार लक्ष देऊन ऐकत होते. मागच्या बाकावरून एका बाईनं विचारलं, "सर, हे घोटणं रोजच पाहिजे काय जी?"

"रोज," मी म्हणालो. "एक दिवसही खंड नको."

सात पालकांनी वेळापत्रक उतरवून नेलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचा फोटो काढला.

वर्षभर आम्ही ते पाळलं. मी मनापासून सांगतो, प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलेलं एकही कलम आम्ही चुकवलं नाही. मुलाचा एक तास रिकामा नव्हता. व्हॉलीबॉलचं मैदान पिवळ्या रेघेच्या पलीकडे, ठेल्याला लागून. सामन्याआधी अंगात जोर यावा म्हणून मोठी पोरं एक पुडी फिरवत. भजन मंडळात पेटीशेजारी ताट असे, ताटात सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी. दोन अभंगांच्या मध्ये ते हातोहात फिरे. भाताच्या रोवणीत आम्ही तिघं माझ्या सासुरवाडीला, सौंदडला जात असू. तिथे बांधावर पाण्याची गुंडी येते आणि तिच्याबरोबरच पन्नी येते, कारण दिवसभर वाकून रोवणाऱ्या बायांना चहा पुरत नाही. "भाच्या, तुझा हात चांगला हाय, घोट," असं मामा म्हणे आणि भाचा घोटे. हे सगळं मी डोळ्यांनी पाहत होतो. पाहून मला बरं वाटत होतं, की मुलगा माणसांत आहे, मोबाईलमध्ये नाही.

त्याच वर्षी आमच्या घरची भाजी बेचव व्हायला लागली. बायको मिरची कमी कमी करत गेली. विचारलं तर म्हणाली, "पोराले तिखट लागते." आमचा मुलगा हिरवी मिरची मिठाला लावून खाणारा. मी म्हटलं, लाड आहेत हे. मग ती माझ्यासाठी वेगळी मिरची देऊ लागली आणि मी तीही कमी आहे म्हणून ओरडू लागलो. चार महिने मी मिरचीवरून भांडलो. पोराचं तोंड का भाजतं, हे एकदाही विचारलं नाही.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. ज्या दिवशी आमच्या गावची मंडई, त्या दिवशी सगळे पाहुणे येतात, दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, होते, दुकानं लागतात. मुलगा नववीत होता त्या वर्षी आम्ही तिघं दुपारीच निघालो. आधी जिलेबी झाली, मग गुपचुपच्या गाडीवर गेलो. पुण्यामुंबईकडे जिला पाणीपुरी म्हणतात, तिला आमच्याकडे गुपचुप म्हणतात, कारण ती अख्खी तोंडात टाकली की माणसाला बोलता येत नाही. मुलगा सहा वर्षांचा असताना अख्खी गुपचुप तोंडात टाकून डोळे मोठे करायचा आणि बायको हसून बेजार व्हायची. मंडईतला हा आमचा घरचा कार्यक्रम होता.

त्या दिवशी त्यानं गुपचुप हातात घेतली, कडेला दातानं फोडली, पाणी सांडू दिलं आणि राहिलेले तुकडे एकेक करून तोंडात सरकवले. शर्टाची बाही ओली झाली. मी म्हणालो, "हळू खा, कोणी हिसकून नाही राहिलं." बायकोनं मात्र हातातला द्रोण खाली ठेवला.

"फोडून काऊन खाऊन राहिला?" तिनं विचारलं.

"असंच."

"तोंड उघड."

"आई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. उघड."

त्यानं उघडलं. तेवढंच उघडलं, जेवढं माणूस 'अ' म्हणताना उघडतो. ती म्हणाली, आणखी. तो म्हणाला, "एवढंच होते." गुपचुपवाला पुढची पुरी हातात धरून थांबला होता. पलीकडे दंडारीचा ढोलक जोरात सुरू होता. मला त्या गर्दीत उभ्या उभ्या भीती वाटली, आणि मला भीती वाटली की राग येतो, म्हणून मी पोरावरच खेकसलो, "नाटकं नको करू!" बायको माझ्याकडे न पाहता त्याचा हात धरून घरी निघाली.

दोन दिवसांनी आम्ही अर्जुनीहून गाडीनं गोंदियाला गेलो. सौंदड आलं तेव्हा मुलगा खिडकीतून मामाच्या गावाकडे पाहत होता. बायकोनं डब्यात वरणभात आणला होता, मऊ.

दातांची डॉक्टर वयानं लहान होती, पोरगेलीशी. गोंदियाची, म्हणजे बोलणं हिंदीत. तिनं मुलाला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "अपनी तीन उंगलियाँ खड़ी करके मुँह में डालो." तिन्ही बोटं एकावर एक उभी करून दातांच्या मधून आत गेली पाहिजेत. मुलाची दोन गेली. तिसरं नखापाशी अडलं. त्यानं जोर केला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं माझं मनगट धरलं.

डॉक्टरनं आतून गालाला बोट लावून पाहिलं. म्हणाली, गालाच्या आतली कातडी कडक होऊन राहिली आहे, दोरीसारखी. खर्रा खाणाऱ्यांचं असं होतं. कॅन्सर नाही, पण ही त्याच रस्त्यावरची गोष्ट आहे. मग तिनं कागद पुढे ओढला.

"कब से खा रहे हो?"

"सातवीपासून."

"किसने सिखाया? दोस्तों ने?"

'दोस्त' लिहायला तिनं पेन टेकवलंही होतं. मुलगा म्हणाला, "कोणी नाही शिकवलं. घोटल्यावर चुना बराबर हाय का नाही ते पाहा लागते ना. चव पाहता पाहता लागली."

"घोटते थे? किसके लिए?"

तो भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहत म्हणाला, "सुट्टीत ठेल्यावर कामाले जात होतो."

"घर में कोई खाता है?"

"नाही. माझे बाबा त शाळेत तंबाखूमुक्तीचे प्रमुख हायेत."

वर्गात खोटं बोलणारी पोरं मी तीस पावलांवरून ओळखतो. माझा मुलगा माझ्यासाठी खोटं बोलत होता आणि ते त्याला नीट जमत होतं. माझ्या शर्टाच्या खिशात पुडी होती, त्यानंच आदल्या दिवशी घोटलेली. मला तो धपाटा आठवला, चव पाहत जा म्हणालो तेही आठवलं, अगदी शब्दाला शब्द. मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तरी मी काही वेळ गप्प बसून राहिलो, हेही सांगून टाकतो. साहेबांनी काढलेला फोटो डोळ्यांपुढे होता.

बायकोनं माझं मनगट सोडलं. हात वर केला, माझ्या खिशातली पुडी काढली आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवली.

"माझी आहे," मी म्हणालो. "तो माझ्यासाठी घोटते. चव पाहायलेही मीच सांगितलं होतं."

डॉक्टरनं 'दोस्त' खोडलं. त्या जागी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. ती म्हणाली, "आप भी बैठिए."

माझीही दोनच बोटं गेली. वीस वर्षांच्या खर्र्यानं माझ्या तोंडाचं जे केलं होतं, ते पोराच्या तोंडाचं दोन वर्षांत झालं होतं. मी इतकी वर्षं गुपचुप खात नव्हतो, कारण मला ती आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे.

डॉक्टरनं औषधं दिली आणि बजावलं, दोघांचंही आजपासून बंद म्हणजे आजपासून बंद. पूर्वीसारखं तोंड होईल असं सांगता येत नाही. पण सोडलं आणि व्यायाम केला तर पुष्कळ सुटेल. व्यायाम असा : आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये बसवायच्या, अर्धा तास तसंच राहायचं, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची.

घरी आल्यावर बायकोनं खर्रा घोटायचा पाट फोडला, चुलीत घातला आणि त्यावर माझ्या आंघोळीचं पाणी तापवलं. मी निमूटपणे आंघोळ केली. मग ती भिंतीवरच्या वेळापत्रकासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे त यानं खरं लिहिलं होतं," ती म्हणाली. "तुमी कायले व्याकरण म्हणत होते?"

मी मराठीचा मास्तर, आणि घरात एकट्यालाच शब्द कळला नव्हता.

साडेआठ ते नऊ आता आम्ही बापलेक तोंडात काड्या धरून समोरासमोर बसतो. बोलता येत नाही. लाळ गळते, म्हणून गळ्यात पंचे असतात. या अर्ध्या तासात घरात फक्त बायको बोलते. लग्नापासून तिचं पुष्कळ बोलायचं राहिलेलं होतं, असं दिसून आलं. ओरडायला तोंड मोकळं नसलं की रागही येत नाही, हे मला या वयात कळलं.

सोडणं सोपं गेलं असं कोणी समजू नये. अकराव्या दिवशी शाळा सुटल्यावर माझे पाय आपोआप पिवळ्या रेघेच्या पलीकडे गेले. ठेल्यावर पाठमोरा मुलगा उभा होता. त्यानं वळून पाहिलं. ठेलेवाल्यानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सज्जनपणे विचारलं, "सर, एकच बनवू का दोन?"

मला वाटलं, आता मी याला मारणार. पोरालाही तसंच वाटलं असावं, त्यानं मान आत घेतली. त्याची ती मान पाहिली आणि माझा हात उचललाच नाही. मी म्हणालो, "चाल, घरी जाऊ." तो चालायला लागला. रेघ ओलांडल्यावर म्हणाला, "बाबा, तुमी कायले आले होते?" मी म्हणालो, "तू ज्याच्यासाठी आला त्याच्यासाठीच." मग आम्ही दोघं हसलो, जेवढं तोंड उघडत होतं तेवढं.

तीन महिन्यांत मुलाच्या तीन काड्या वाढल्या, माझी एक. डॉक्टर म्हणाली, पोराचं अजून सुटेल. एका संध्याकाळी बायको आमच्यासमोर बोलत बसली होती. बोलता बोलता थांबली. "तुमचं ते वेळापत्रक," ती म्हणाली, "त्या सात घरी काय करून राहिले असतील जी?"

माझ्या तोंडात काड्या होत्या. मी त्या काढल्या.

रविवारी सकाळी मी आणि मुलगा निघालो. त्यानं स्केचपेन घेतलं. वाटेत मी मनात म्हणत होतो, लोकांनी सरळ अर्थ घेतला असेल, पाढे घोटत असतील पोरं. पहिल्या घरी खरंच पाढे घोटत होते. दुसऱ्या घरी वेळापत्रकावर कॅलेंडर टांगलं होतं. तिसरं घर त्या बाईंचं, ज्यांनी पालकसभेत प्रश्न विचारला होता. त्यांची मुलगी सहावीत. आम्ही गेलो तेव्हा मुलीचे आबाजी, म्हणजे आजोबा, सपरीत बाजेवर बसले होते आणि खाली मुलगी पाटावर पन्नी घासत होती. दाबून, एका लयीत, छान हात. भिंतीवर माझ्या मुलाचं वेळापत्रक लावलेलं होतं.

मला पाहून बाईंनी पदर सावरला. "या ना सर. तुमी सांगितलं तेव्हापासून रोज घोटते पोरगी. तुमच्या कागदावर साडेआठ हाय, पण सुट्टीच्या दिवशी सकाळी बी घोटते. एक दिवस बी खंड नाही पडू दिला."

मी मुलीजवळ खाली बसलो. मुलानंच विचारलं, "चव पाहतेस काय?"

"पाहा लागते ना दादा," ती म्हणाली. "चुना जास्त झाला त आबाजी रागावते."

मुलानं तिच्या हातातली पन्नी काढून बाजूला ठेवली. म्हणाला, "हात धू. आता तुझीच तीन बोटं अशी उभी कर आणि तोंडात घाल." तिला तो खेळ वाटला. तिनं हात धुतले, तोंड उघडलं. तिन्ही बोटं आरामात गेली, वर जागा उरली. मुलानं दोनदा पाहिलं. मग त्यानं भिंतीवरची साडेआठची ओळ स्केचपेननं खोडली. नीट, पट्टी धरल्यासारखी.

"मंग तिथं काय लिहू?" मुलीनं विचारलं.

"काही नको लिहू," तो म्हणाला. "रिकामं ठेव."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना. मी हाताच्या पाठीनं डोळे पुसायला गेलो, तेवढ्यात आबाजी बाजेवरून वाकले आणि काळजीनं म्हणाले, "चुना गेला असंल सर. चोळू नोका."